बुडालेलं जहाज आणि माझा नकार

नाक धरा, डोळे मिटा, श्वास रोखा, बुडी मारा. रामकुंडात उतरलेल्या यजमानांना मी हे रोज सांगतो. यात्रेकरूंचे विधी करणं हा आमचा घरचा व्यवसाय. आजोबा हेच सांगायचे, वडीलही हेच सांगायचे. माणूस दिल्लीचा असो की सिन्नरचा, गोदावरीच्या पायऱ्या उतरून कमरेएवढ्या पाण्यात आला की निम्मा घाबरलेला असतो. त्याला लांबलचक काही सांगून उपयोग नसतो. मी स्वतः तर लहानपणापासून इतक्या बुड्या मारल्या आहेत, की हात नाकाकडे गेला की पुढचं सगळं शरीर आपलं आपण उरकतं. हे एवढं सविस्तर सांगण्याचं कारण असं, की याच सवयीमुळे दोन वर्षांपूर्वी मी समुद्राच्या पोटात, एका बुडालेल्या जहाजावर चांगलाच गोत्यात आलो. आणि आमच्या घरात कित्येक महिने अडून बसलेला प्रश्न त्यामुळेच सुटला.

प्रश्न होता मुलीचा. ती इथेच नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात इंजिनिअर होती. नोकरी बरी होती, स्कूटरवर जाऊन येण्यासारखी होती. एकदा मैत्रिणींबरोबर मालवणला गेली, तिथे कुणीतरी पाठीवर हवेची टाकी बांधून तिला पाण्याखाली नेलं, आणि परत आली ती निराळीच होऊन. पुढे राजीनामा दिला, अंदमानात जाऊन रीतसर शिकली आणि स्कूबा डायव्हिंगची प्रशिक्षक झाली. घाटावर कुणी विचारलं, "लेक कुठे असते हल्ली?" तर मी म्हणायचो, "पाण्याच्या कामावर आहे." त्यांना वाटायचं, पाटबंधारे खात्यात लागली. मी खुलासा करत नसे.

मालवणात कामाला लागून ती उथळ पाण्यात पर्यटकांना फिरवायची, तोवर मी तोंड मिटून होतो. मग श्रीलंकेतून कायमची नोकरी चालून आली. तिथे किनाऱ्यापासून आत एक मोठं मालवाहू जहाज बुडालेलं आहे. ते पाहायला लांबलांबचे लोक येतात, आणि त्यांना खाली नेऊन सुखरूप वर आणायचं, हे तिचं काम असणार होतं. मला ते ऐकूनच धस्स झालं. मी घाटावर वाढलोय. पुराच्या पाण्यातून काय काय वर येतं आणि कोण कोण येत नाही, हे मी पाहिलंय. घरच्यांना किनाऱ्यावर बसून वाट बघताना पाहिलंय. जेवायला बसलो की मला ते न पाहिलेलं जहाज दिसायचं, त्याच्या एखाद्या अंधाऱ्या खोलीत अडकलेली माझी पोर दिसायची, आणि घास तोंडातल्या तोंडात फिरायचा.

बायकोचं मात्र पहिल्या दिवसापासून उलट. "जाऊ द्या हो तिला. काय जन्मभर अंबडला हजेरी लावत बसायचं तिनं?" असं ती माझ्या तोंडावर, मुलीच्या देखत म्हणायची. त्यामुळे घरात खलनायक मी एकटाच.

शेवटी मुलीनंच तोडगा काढला. एका संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही नाही म्हणालात तर मी जाणार नाही. कुरकुरसुद्धा करणार नाही. पण आधी एकदा माझ्याबरोबर त्या जहाजावर चला. पाण्याखाली, माझ्याबरोबर. सगळं बघा आणि मग नाही म्हणा."

ती शब्दाची पक्की आहे, हे मला माहीत होतं. म्हणजे तिच्या पुढच्या आयुष्याचा निकाल माझ्या जिभेवर येऊन बसला. मी लबाडपणे विचार केला, की चला, जाऊन येऊ. खाली उतरू, वर येऊ आणि नाही म्हणू. न बघता नाही म्हणालो, असं मग कुणाला म्हणता येणार नाही. खरं सांगायचं तर नकार मी नाशिकलाच तयार करून ठेवला होता, फक्त तो तिथे जाऊन द्यायचा होता.

डॉक्टरांनी छाती, कान, रक्तदाब सगळं तपासून हिरवा कंदील दाखवला. मग गंगापूर रोडवरच्या एका तरणतलावात, दुपारी गर्दी नसते तेव्हा, तिनं मला शिकवायला घेतलं. मी पट्टीचा पोहणारा. पुराचा जोर ओसरला की भर गोदावरीत या काठावरून त्या काठाला जाणारा. त्यामुळे मला वाटलं, ही मला काय शिकवणार? पाठीवर टाकी, अंगात हवा भरता येईल असं जॅकेट, तोंडात श्वास घ्यायची रबरी नळी आणि डोळ्यांना काच, असा जामानिमा चढवून मी तलावात उतरलो, तर तिनं बोट उगारून सांगितलं, "पाण्यात मी तुमची मुलगी नाही. मी सांगेन तेच करायचं. वाद बाहेर आल्यावर."

"तुझ्या आईची हीच पद्धत आहे," मी म्हणालो.

"पहिला नियम. श्वास कधीही, कशासाठीही रोखायचा नाही. खाली असताना छातीत कोंडलेली हवा वर येताना फुगते. तोंड मिटून वर आलात तर फुप्फुस फाटेल. कळलं?"

कळलं तर होतं. पण पाण्याखाली गेलं की कानांवर दाब येतो, आणि तो घालवायला नाक चिमटीत धरून हलकेच फुंकावं लागतं. आता माझी बोटं नाकाला लागली की झालं! डोळे मिटायचे, छाती भरायची, श्वास बंद व्हायचा. घराण्याची शिस्त. ती मला वर काढून म्हणायची, "पुन्हा रोखलात."

"नाही रोखला."

"बाबा, श्वास सोडणाऱ्या माणसाचे बुडबुडे येतात. तुमचे येत नाहीयेत."

असं कितीतरी दिवस चाललं. मी चिडायचो, ती चिडायची नाही, त्यानं मी जास्त चिडायचो. घरी येऊन बायकोला सांगायचो, की ही पोरगी मला श्वास घ्यायला शिकवते आहे, या वयात. शेवटी तिनंच माझ्यापुरती एक युक्ती काढली. नाकाला हातच लावायचा नाही. जबडा हलवायचा आणि आवंढा गिळायचा, कान आपोआप मोकळे होतात. सगळ्यांना हे जमत नाही म्हणे, मला जमलं. "हात छातीवर घडी घालून ठेवा," ती म्हणाली. "देवळात ठेवता तसे." तेव्हापासून माझे बुडबुडे यायला लागले.

निघायच्या आधी घाटावरच्या चुलतभावानं माझी फिरकी घेतलीच. "समुद्र ओलांडताय म्हणे! परत आल्यावर प्रायश्चित्त कुणाकडे घेणार?" मी म्हणालो, "तुझ्याकडेच येईन, दुसरं कोण मला उभं करणार?" सगळे हसले. मीही हसलो. इगतपुरी मागे टाकून गाडी कसारा घाट उतरायला लागली, तेव्हा मुलगी शेजारच्या सीटवर चिवडा खात बसली होती, आणि मी मनातल्या मनात नकाराची वाक्यं जुळवत होतो. कडक नको, प्रेमानं सांगू. तुझी आई काळजी करते असं म्हणू. ते धडधडीत खोटं होतं, पण चालून गेलं असतं.

श्रीलंकेत पोचल्यावर पहिले दिवस तिनं मला किनाऱ्याजवळच्या खडकांवर फिरवलं. समुद्राच्या खारट पाण्यात अंग नदीपेक्षा हलकं होतं, याची सवय व्हावी म्हणून. ते मजेत झालं. रंगीत मासे पाहिले, एक कासव पाहिलं. कासव दिसल्यावर मी पाण्यातच हात जोडले आणि तिच्या काचेमागचे डोळे हसले.

मग जहाजाचा दिवस उजाडला. बोटीवर आम्ही दोघं आणि नावाडी. समुद्र शांत होता, ऊन चांगलं पडलं होतं. एका जागी पाण्यावर पिवळा पिंप तरंगत होता, त्याला बांधलेला दोर सरळ खाली जहाजापर्यंत गेलेला. तिनं माझी टाकी तपासली, नळी तपासली, जॅकेटचे पट्टे ओढून पाहिले, मग सगळं पहिल्यापासून पुन्हा तपासलं. मी म्हणालो, "झालं की एकदा."

"दोनदाच बघायचं असतं," ती म्हणाली, आणि माझं जानवं गळ्याच्या पट्ट्यात अडकत होतं ते सारखं केलं.

दोर धरून आम्ही उतरायला लागलो. आधी खाली फक्त निळं होतं. मी आवंढे गिळत होतो, बुडबुडे वर जात होते, सगळं शिकवल्याप्रमाणे चाललं होतं. मग त्या निळ्यात काहीतरी काळपट, सरळ रेषेचं दिसायला लागलं. समुद्रात सरळ रेषा नसते हो. म्हणून ती पाहिल्याबरोबर अंगावर काटा आला. पुढच्या क्षणी तो जहाजाचा कठडा झाला, आणि त्याच्या मागून अख्खं जहाज वर आलं. दोन्ही बाजूंना पाहिलं तरी टोक दिसेना. किंचित कलंडून तळाच्या वाळूत बसलेलं, अंगभर शेवाळ आणि शिंपले चढलेले. माल उतरवायचे लोखंडी खांब अजून उभे होते. आणि डेकच्या मधोमध, जिथून सामान आत सोडत असत, तिथे एक भलंमोठं चौकोनी भोक. मंगल कार्यालयाचा हॉल मावेल एवढं. आत मिट्ट काळोख.

मी इतके महिने जेवताना पाहत होतो तो काळोख हाच.

आणि मी घाबरलो. त्याच वेळी आम्ही कठड्याच्या थोडं खाली उतरलो होतो, कानात कळ आली, आणि घडी घातलेले हात कधी सुटले ते मला कळलंच नाही. बोटांनी नाक धरलं. डोळे मिटले. छाती भरून घेतली आणि श्वास बंद. मी रामकुंडात होतो. बुडी झाली की माणूस काय करतो? पाय ताठ करून वर येतो. माझ्या पायात पोहण्यासाठीचे रुंद रबरी पंखे होते, छाती फुग्यासारखी भरलेली होती, मी पाय झाडले आणि डोळे मिटून वर निघालो. आपण वर निघालोय हेसुद्धा मला समजत नव्हतं.

एक जोराचा हिसका बसला. कुणीतरी जॅकेट धरून मला खाली ओढलं, आणि दोन बोटं बरगड्यांच्या खाली पोटात इतक्या जोरात खुपसली, की कोंडलेला श्वास भसकन बाहेर पडला. डोळे उघडले तर समोर काच, आणि काचेमागे तिचे डोळे. एका हातानं तिनं माझ्या जॅकेटमधली हवा सोडली, दुसऱ्यानं माझी नाकावरची बोटं एकेक करून सोडवली. मग स्वतःच्या डोळ्यांकडे बोट केलं: माझ्याकडे बघा. मग हाताचा पंजा तोंडापासून लांब नेला: सोडा. आत घ्या. सोडा. मी शहाण्या मुलासारखा सोडत राहिलो. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, घाई नव्हती. माझा श्वास तिच्या श्वासाच्या तालावर येईपर्यंत ती हलली नाही. मग तिनं बोटानं विचारलं: वर जायचं?

आता गंमत बघा. मला हवं तेच घडलं होतं. जहाज भयंकर होतं, जिवावर बेतलं होतं, नकाराला याहून भक्कम कारण मिळणार नव्हतं. आणि तरी मी मान हलवून नाही म्हणालो. मला वर जायचं नव्हतं. तिच्या हातात माझा दंड होता आणि मला मुळीच भीती वाटत नव्हती.

मग तिनं मला जहाज दाखवलं. आम्ही डेकवरून हळूहळू सरकत गेलो. गंजलेल्या यंत्राच्या दात्यांमधून पिवळे मासे आत-बाहेर करत होते. ती मध्ये मध्ये माझ्या हवेचा काटा बघायची, मग स्वतःचा, मग मागे दोराकडे. पुढे त्या चौकोनी भोकाच्या काठाशी आलो. तिनं हातातला दिवा आत टाकला. सिमेंटच्या पोत्यांच्या थप्प्याच्या थप्प्या रचलेल्या होत्या. कापड कधीच कुजून गेलं होतं, आतलं सिमेंट दगड झालं होतं, पण पोत्यांचे कान तसेच राहिले होते. मला राहवेना. वाटलं, जरा आत डोकवावं, एका पोत्याला हात लावून यावं. मी पुढे सरकलो, तर तिचा हात माझ्या छातीवर आडवा आला. नाही. मी बोटांनी थोडंसंच असं दाखवलं. तिनं मान हलवली. आत नाही म्हणजे नाही.

इतके महिने मी ज्या पोरीला त्या काळोखात जाऊ नको म्हणून अडवायला निघालो होतो, ती मला तिथून मागे ओढत होती.

वर येताना पाण्याच्या पृष्ठभागाच्या थोडं खाली थांबावं लागतं, खालच्या दाबामुळे रक्तात मुरलेला वायू हळूहळू निघून जावा म्हणून. दोर धरून आम्ही दोघं लटकत राहिलो. वर बोटीचं बूड दिसत होतं, उन्हाचे पट्टे हलत होते. बोलायची सोय नसल्यामुळे मला विचार करावाच लागला. हिला सांभाळायला मी लागतो, अशी माझी समजूत होती. ती समजूत गेली तर वाईट वाटेल, आपण निकामी झालो असं वाटेल, असं मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी मान्य केलं असतं. पण तसं काही वाटलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. ती चालायला लागली तेव्हापासून माझा एक डोळा तिच्यावर होता, तो डोळा पहिल्यांदा मिटायला मोकळा झाला. मला इतकं बरं वाटलं, की काचेच्या आत पाणी आलं, आणि ते समुद्राचं नव्हतं.

बोटीवर चढल्यावर नावाड्यानं टाकी उतरवून घेतली, प्यायला पाणी दिलं. मुलगी पाठमोरी बसून आपले पट्टे सोडत होती. तिला वेळ लागत होता. पुढे जाऊन पाहिलं तर तिच्याकडून साधा चाप निघत नव्हता.

"काय गं?"

"तुम्ही डोळे मिटून वर निघालात ना बाबा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "मला वाटलं, हातातून सुटलात."

मी तिचा चाप काढून दिला. तिला जवळ घेतलं आणि म्हणालो, "त्यांना कळव, येते म्हणून." जुळवून ठेवलेल्या वाक्यांतलं एकही उपयोगाला आलं नाही. तिनं माझ्या तोंडाकडे दोनदा बघितलं. मग रडता रडता हसली, आणि लगेच प्रशिक्षकाच्या आवाजात म्हणाली, "कान दुखतोय का? खरं सांगा."

संध्याकाळी खोलीवर येऊन बायकोला फोन लावला. म्हटलं, आपली बाजू जिंकली म्हणून तरी ही खूश होईल. "ऐक," मी म्हणालो, "मी तिला हो म्हणालो."

मला वाटलं, फोन कट झाला. "ऐकलंस का?"

"तुम्ही हो म्हणालात?" ती म्हणाली. "असं कसं हो म्हणालात?" आणि ती चक्क हुंदके द्यायला लागली. "अहो, मी जाऊ द्या, जाऊ द्या म्हणत होते ते तुमच्या भरवशावर. तुम्ही नाही म्हणणार हे मला पक्कं माहीत होतं. तिला कुणीतरी हो म्हणायला नको का, म्हणून मी म्हणत होते."

म्हणजे इतके महिने त्या घरात माझ्याइतकीच घाबरलेली आणखी एक व्यक्ती होती, आणि मी तिच्यावर रुसून बसलो होतो. मी तिला रडू दिलं. मग जे लपवायचं ठरवलं होतं, तेच सगळं सांगून टाकलं. काळोख, नाकावरचा हात, मिटलेले डोळे, वर निघालो ते, पोटात बसलेली बोटं. काही गाळलं नाही. सांगता सांगता पलीकडचं रडणं थांबल्याचं लक्षात आलं.

"श्वास रोखलात? इतकं शिकवूनही?" तिचा नेहमीचा आवाज परत आला होता. "धड आहात ना?"

"धड आहे."

"तिनं धरलं तुम्हाला?"

"तिनंच धरलं."

फोनमधून आमच्या स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी ऐकू आली.

"मग जाऊ द्या तिला," ती म्हणाली.